सात, बारा आणि नाबोथाचा मळा

शहरातील नोकरी सोडावी, दोन-तीन एकर जमीन घ्यावी, रासायनिक खते व विषारी औषधे वर्ज्य करून भाजीपाला पिकवावा आणि आपल्या घामाची भाकर खावी, अशी आकांक्षा बाळगणारे तरुण आज आपल्या समाजात आढळू लागले आहेत. ज्यांच्या आजोबांनी वसईच्या वाड्यांत केळी, पानवेली आणि भाजी पिकवली व ज्यांच्या वडिलांच्या हयातीत त्याच वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, अशा घरांतील मुलेमुलीही त्यांत आहेत. त्यांची दृष्टी सहजच माथेरानच्या पायथ्याकडे, कर्जत आणि खालापूर या तालुक्यांकडे वळते. रेल्वे जवळ, कल्याण-पनवेलच्या बाजारपेठा जवळ, डोंगर आणि हिरवाई डोळ्यांसमोर. या तरुणांच्या हाती बहुधा एखादे पुस्तक असते. त्या पुस्तकानेच त्यांना वाट दाखविलेली असते. मात्र जमिनीच्या शोधाला आरंभ होताच ते पुस्तक मुके होते, असा अनुभव त्यांच्यापैकी अनेकजण सांगतात. हे मौन केवळ व्यावहारिक माहितीच्या अभावाचे आहे, की मातीकडे परतण्याची हाक देणाऱ्या साहित्यातच काही उणीव आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

या विचारासाठी आम्ही निकष घेतो तो साहित्यशास्त्रातून नव्हे, तर तलाठ्याच्या दप्तरातून. सातबाऱ्याचा उतारा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण तो दोन वेगळ्या नमुन्यांचा जोड आहे, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आहे. जमीन कोणाच्या नावे आहे, ती कोणत्या भूधारणेची आहे, तिच्यावर कूळ आहे काय, बोजा आहे काय, वाटेचा किंवा पाण्याचा हक्क कोणास आहे, हे त्यात लिहिलेले असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे. कोणत्या वर्षी कोणते पीक किती क्षेत्रात होते, पाणी कशाचे होते, पड जमीन किती, हे तीत असते. सात सांगतो जमीन कोणाची. बारा सांगतो जमिनीत काय उगवले. मातीकडे परतणाऱ्या साहित्याने आजवर बारा नंबर अतिशय सुंदर अक्षरांत लिहिला. सात नंबर मात्र त्याने बहुधा कोरा ठेवला. हे विधान तीन प्रसिद्ध ग्रंथांच्या आधारे तपासून पाहू.

पहिला ग्रंथ जपानचे मासानोबु फुकुओका यांचा. १९७५ साली जपानी भाषेत प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे जगभर गेलेल्या, काडाच्या क्रांतीची कथा सांगणाऱ्या या पुस्तकाने भारतातील नैसर्गिक शेतीच्या चळवळीला मोठी प्रेरणा दिली. नांगरणी नको, खत नको, निंदणी नको, औषध नको, ही त्यांची चतुःसूत्री आपल्याकडील तरुणांना मुखोद्गत असते. योकोहामा येथील वनस्पती-तपासणीची नोकरी सोडून फुकुओका शिकोकू बेटावरील आपल्या गावी परतले. गावी वडिलांची संत्र्यांची बाग होती, भाताची खाचरे होती. प्रयोगाच्या आरंभी त्यांनी छाटणी थांबविली आणि बागेतील अनेक झाडे मेली. हे ते प्रांजळपणे सांगतात. ती झाडे मरू देण्याची मुभा त्यांना होती, कारण बाग घरची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जमिनीचे फेरवाटप झाले, त्यात त्यांच्या घराण्याची बरीचशी भातजमीन गेली आणि थोडीच हाती उरली. म्हणजे या ग्रंथामागे जमीनदारीचा, वारशाचा आणि भूसुधारणेचा एक संपूर्ण अध्याय उभा आहे. वाचकाच्या मनात मात्र पेंढा, पांढरे क्लोव्हर आणि मातीच्या गोळ्यांत लपेटलेले बियाणे एवढेच उरते. ग्रंथाचे तत्त्वज्ञान आम्हांला थोर वाटते; परंतु ज्याची पहिली चूक म्हणजेच त्याच्या भांडवलाचा अंत, अशा नवख्या माणसाला ते तत्त्वज्ञान जसेच्या तसे पेलणारे नाही.

दुसरा ग्रंथ थोरोचा 'वॉल्डन'. दुर्गाबाई भागवत यांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने तो मराठीत आणला, हे आपल्या भाषेचे भाग्यच. थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला आणि दोन वर्षे दोन महिने तेथे राहिला. त्याने सुमारे अडीच एकरांत घेवड्याची शेती केली आणि तिचा जमाखर्च अर्ध्या सेंटपर्यंत मांडून दाखविला. या जमाखर्चात एक रकाना नाही: जमिनीचा खंड. ती जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. मित्राच्या मालकीच्या रानात मित्राच्या संमतीने राहिलेल्या माणसाने स्वावलंबनाचा वेद लिहावा, यात विरोधाभास आहे आणि तो अनेक टीकाकारांनी दाखविला आहे. तरीही आम्ही थोरोला फुकुओकांपेक्षा एका बाबतीत अधिक गुण देऊ. एक शेत आपण घ्यावयास निघालो होतो, सौदा जवळजवळ ठरला होता, परंतु मालकाच्या पत्नीचे मन ऐनवेळी फिरले, हे तो विनोदाने का होईना सांगतो. जमीन विकणाऱ्या घरातील स्त्रीच्या मनात काय चालते, याची ही केवढी सूक्ष्म नोंद! शिवाय त्या रानात आपल्यापूर्वी कोण राहत होते, याचे एक स्वतंत्र प्रकरण त्याने लिहिले आहे. गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णी माणसे त्या प्रकरणात नावानिशी येतात. घेवड्याच्या सरीत सापडलेले मूळ रहिवाशांचे बाण त्याला थबकावयास लावतात. थोरोने सात नंबर पूर्ण लिहिला नाही; पण 'इतर हक्क' या रकान्याकडे त्याचे लक्ष गेले होते.

तिसरी कृती आपल्या घरची, गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा'. १९५८ सालच्या या कादंबरीची भूमी राजमाचीची. कर्जतच्या खोऱ्यातून मान वर केली की जो किल्ला दिसतो, त्याच्या अंगाखांद्यावर ती घडते. मुंबईचे जिणे नकोसे झालेला बुधा आपल्या माचीवर परततो, खोपट उभारतो आणि झाडांशी, पशुपक्ष्यांशी नाते जोडून एकटा राहतो. मराठीत मातीकडे परतण्याचे इतके निर्मळ चित्र आम्हांस अन्यत्र आढळले नाही. तथापि बुधा परततो, हे विसरून चालणार नाही. तो मूळचा तिथलाच आहे. माचीने त्याला ओळखावे यासाठी त्याला दाखला द्यावा लागत नाही. ज्याची माची नाही, त्याने कोठे परतावे, हा प्रश्न या कादंबरीच्या कक्षेत येत नाही. तिचे सौंदर्यच मुळी आपलेपणाच्या गृहीतावर उभे आहे.

वारसाची जमीन, मित्राची जमीन, जन्माची जमीन. तीन ग्रंथ आणि जमिनीशी असलेली तीन नाती. खरेदी करणारा अथवा खंडाने घेणारा उपरा यांपैकी कशातही नायक नाही. आमच्याच परिसरातील एक जिवंत उदाहरण पाहावे. नेरळजवळील मालेगाव येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी अमेरिकेतील शिक्षणानंतर घरच्या शेतीवर सगुणा बाग उभी केली आणि नांगरणी-चिखलणीशिवाय भात घेण्याचे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत नेले. त्यांचे काम आदरास पात्र आहे. पण तेही घरच्या जमिनीवर उभे आहे. यशस्वी नवशेतकऱ्याच्या कथेत जमीन हा आरंभबिंदू असतो. ती मिळविणे हा कथेचा विषय होत नाही.

आता माथेरानच्या पायथ्याला उतरू. येथील बारा नंबर वाचणे सोपे आहे. पावसाळ्यात खाचरांत भात, उतारावर नाचणी-वरी, भातानंतरच्या ओलीवर कडवे वाल. भाजीचा मळा करावयाचा तर प्रश्न पाण्याचा. पावसाळ्यात डोंगर न्हाऊन निघतो आणि उन्हाळ्यात पायथ्याच्या विहिरी तळ दाखवितात. घाटावरील मावळात अडविलेले पाणी टाटांच्या खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील वीजकेंद्रांतून खाली उतरते. खोपोलीचे पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे पेज नदीला आणि राजनाल्याला. त्या पाण्याच्या कडेने उन्हाळी पीक घेता येते. म्हणून जमीन शोधणारा जाणता माणूस डोंगराचा देखावा न पाहता एप्रिल महिन्यात विहीर पाहतो. उलटपक्षी, जमिनीच्या जाहिराती देखाव्यावर लिहिल्या जातात. 'सेंद्रिय', 'निसर्गाच्या कुशीत', 'शनिवार-रविवारचे शेतघर' ही त्यांची परिभाषा वर उल्लेखिलेल्या थोर ग्रंथांतूनच उसनी घेतलेली आहे. साहित्याने सात नंबर कोरा ठेवला म्हणूनच जाहिरातदाराला तो भरणे सुलभ झाले, असे आमचे नम्र मत आहे.

सात नंबर वाचू लागले की पहिली गाठ कायद्याशी पडते. १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ असे की, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. वसईतील ज्या घराने अखेरचा गुंठा विकला आणि ज्याच्या नावे अन्यत्र शेतजमीन उरली नाही, त्या घरातील तरुण पिढ्यान्पिढ्यांच्या शेतीनंतरही कायद्याच्या दृष्टीने शेतकरी राहिलेला नाही. औद्योगिक वापरासाठी जमीन घेणाऱ्यास मात्र १९९४ च्या दुरुस्तीने याच कायद्यात वाट करून दिली. कारखान्याला दार उघडे आणि पालकाच्या वाफ्याला बंद, हे पाहून तरुणांचा संताप होतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

तरीही हा कायदा आकाशातून पडलेला नाही, हे त्यांना सांगितले पाहिजे. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा संप झाला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी जमीन कसण्याचे नाकारले आणि उपासमार सोसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे कसेल त्याची जमीन या तत्त्वानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कुळांना मालकी देण्यात आली. ज्या कलमाशी आजचा तरुण अडखळतो, ते कलम धनिकांनी जमिनी गिळू नयेत यासाठी घातलेले कुंपण आहे. त्या कुंपणाला खिंडारे पडली आणि ती धनिकांनाच सापडली, ही शोकांतिका खरी. म्हणून कुंपणच वाईट होते असे म्हणता येणार नाही.

दुसरी गाठ अधिक खोल आहे. माथेरानच्या भोवतालच्या वाड्यांतून ठाकूर, कातकरी आणि धनगर राहतात. कातकरी-ठाकुरांनी पिढ्यान्पिढ्या कसलेल्या दळीच्या जमिनी जंगलखात्याच्या हद्दीत. कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना दावा करण्याचा अधिकार दिला, पण तो सिद्ध करण्याचा मार्ग लांब आहे. आदिवासींची खातेजमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेत निर्बंध आहेत आणि १९७४ साली जमिनी परत करण्याचा कायदाही झाला. माथेरान व त्याचा परिसर ४ फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इतके असूनही १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकुरांची वस्ती दरडीखाली गेली. जे लोक डोंगराला सर्वाधिक ओळखतात, ते डोंगराच्या सर्वाधिक धोक्याच्या उतारावर राहत होते, आणि खालची सपाट भूमी भूखंडांत मोजली जात होती. या दोन गोष्टी एकाच खोऱ्यात घडतात. आमच्या साहित्याने त्या एकाच पुस्तकात अद्याप आणल्या नाहीत.

माथेरानचे सुपुत्र हुतात्मा भाई कोतवाल यांनी हे नाते ओळखले होते. १९१२ साली माथेरानात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले, आणि पायथ्याच्या गरीब शेतकऱ्यांस सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. धान्य कोणाच्या कोठीत जाते हे विचारल्याशिवाय शेतीचे काव्य अपुरे आहे, हा धडा त्यांच्या चरित्रात आहे.

या कसोटीवर आपले पवित्र शास्त्र कसे उतरते, हे पाहणे उद्बोधक आहे. शास्त्राने सात नंबर कोरा ठेवलेला नाही. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात अब्राहाम स्वतःला उपरा व प्रवासी म्हणवितो आणि मकपेलाचे शेत मागतो. एफ्रोन ते फुकट देऊ करतो. अब्राहाम नगराच्या वेशीत, सर्वांच्या समक्ष चारशे शेकेल रुपे तोलून देतो. शेत, गुहा आणि बांधावरची झाडेदेखील व्यवहारात नोंदली जातात. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात यरुशलेमला वेढा पडलेला आणि संदेष्टा स्वतः कैदेत असताना तो अनाथोथचे शेत सतरा शेकेलांना घेतो. खरेदीखतावर सही, साक्षीदार, मोहोरबंद प्रत आणि उघडी प्रत, दोन्ही मातीच्या पात्रात जपून ठेवल्या जातात. आशा नावाचा सद्गुण येथे दस्तऐवजाचे रूप घेतो. अध्यात्म आणि फेरफार यांत शास्त्राला विरोध दिसत नाही.

मात्र आमच्या विषयाशी सर्वांत जवळची कथा आहे ती राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकविसाव्या अध्यायातील नाबोथाची. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा कशासाठी हवा होता? भाजीच्या मळ्यासाठी! मळा राजवाड्याजवळ होता, सोयीचा होता. राजा मोबदला देऊ करतो, याहून चांगला मळा देऊ करतो. व्यवहार म्हणून प्रस्ताव वावगा नाही. नाबोथ पूर्वजांचे वतन देण्यास नकार देतो. पुढे ईजबेल राजाच्या मोहोरेची पत्रे धाडते, खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथाला दगडमार होतो आणि मळा राजाच्या नावे चढतो. आम्ही या कथेवर अनेक प्रवचने ऐकली. तीत लोभाचा निषेध असतो, भाजीचा उल्लेख क्वचित. परंतु तो तपशील मार्मिक आहे. निरागस, हिरवी, आरोग्यदायी इच्छाही दुसऱ्याच्या उताऱ्यावर पाऊल ठेवू शकते. आज खोटा शेतकरी-दाखला मिळवून देणारा मध्यस्थ भेटतो, अंगठ्यावर जमीन लिहून देणारा गरजू सापडतो. तेव्हा सेंद्रिय मेथी लावण्याचा हेतू त्या कागदाला पावन करीत नाही.

मग उपऱ्याने जमीन मागूच नये काय? आमचे उत्तर असे नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात भूमी परमेश्वराची आणि माणसे तिच्यावरील पाहुणी, असे तत्त्व आहे. आणि त्यालगतच एक अतिशय व्यवहारी नियम आहे. योबेल वर्षापर्यंत जितकी पिके निघावयाची, त्यांच्या संख्येवर किंमत ठरवावी. म्हणजे विकली जातात ती पिके, भूमी नव्हे. हा विचार सेंद्रिय शेतीच्या गरजेशी विलक्षण जुळतो. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या प्रमाणकांनुसार हंगामी पिकांच्या जमिनीला किमान दोन वर्षांचा रूपांतरकाल लागतो. मातीचा पोत सुधारण्यास त्याहून अधिक. अकरा महिन्यांच्या करारावर माती सुधारत नाही. नवशेतकऱ्याला खरी गरज आहे ती काळाची, निर्धास्त अशा काही पिकांची. पण कुळकायद्याच्या धास्तीने खाजगी मालक लेखी खंड देत नाही, आणि तोंडी शब्दावर कोणी गांडूळखत ओतीत नाही.

येथे ख्रिस्तसभेला बोलण्याचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. सार्वजनिक धर्मस्थळे, शाळा, रुग्णालये यांच्या विश्वस्त संस्थांच्या जमिनींना कुळकायद्याच्या कलम ८८-ब अन्वये, उत्पन्न संस्थेच्या कार्यासाठीच वापरले जाईल इत्यादी अटींवर, काही तरतुदींतून सूट मिळते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ पट्ट्याने द्यावयाची तरच धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. अर्थात दहा वर्षांपर्यंतचा लेखी पट्टा देण्याची जी वाट खाजगी मालकाला भयाची वाटते, ती संस्थांना अटींसह मोकळी आहे. ज्या संस्थांच्या नावे पडीक शेतजमीन आहे, त्यांनी तिला कुंपण घालून भाव वाढण्याची वाट पाहावी, की त्या भूमीत आपली भूमिहीन मुले आणि शेजारची कातकरी कुटुंबे यांना दहा वर्षांची पिके द्यावीत? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात भूमीची मशागत आणि राखण या दोन क्रिया एकत्र सांगितल्या, आणि सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे हे तत्त्व पुन्हा ठळक केले. पर्यावरणदिनी रोप लावून त्या परिपत्रकाचे वाचन संपत नाही.

आता पुन्हा साहित्याकडे. मराठीत मातीकडे परतण्याचे लेखन वाढावे, अशी आमची इच्छा आहे, वाढणारही आहे. आम्ही नव्या लेखकाकडून चार गोष्टी मागतो. पहिली, त्याने जमीन कशी मिळाली ते सांगावे. किंमत, दलाली, दाखला, नकार, सारे. दुसरी, ती पूर्वी कोणाची होती आणि त्याने ती का सोडली, हे विचारावे. सही करताना घरातील स्त्री काय म्हणाली हे थोरोप्रमाणे कान देऊन ऐकावे. तिसरी, आपल्या मळ्यात मजुरी करणाऱ्या ठाकरणीला तिच्या नावाने पुस्तकात येऊ द्यावे. पावसाळ्यातील शेवळी, कुरडू, टाकळा यांची ओळख तिच्याकडूनच झाली असेल, तर ते ऋण लिहून ठेवावे. चौथी, अपयश आले तर तेही छापावे; कारण दुसऱ्या तरुणाचा पैसा त्याने वाचेल.

असे पुस्तक कदाचित फुकुओकांइतके प्रसन्न आणि बुधाइतके निर्मळ होणार नाही. त्यात मोजणीच्या नकाशाचा वास येईल, तहसील कचेरीतील फेऱ्या येतील. परंतु बारा नंबरावरचे पीक सात नंबरावरील नावांसह त्यात वाचावयास मिळेल, आणि ते वाचून जमिनीच्या शोधास निघालेला तरुण माथेरानच्या पायथ्याशी पोहोचेल तेव्हा प्रथम भाव विचारणार नाही. येथे कोण कसत होते, हे विचारील.